आजोळच्या वाड्याचं पोतंभर लाकूड उरलंय, एवढ्या छोट्या तुकड्यांचं काय करतात?

वाईकरांचा_भाचा
नमस्कार मंडळी, इथे बरीच वर्षं नुसता वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

वाईजवळ आमच्या आजोळचा वाडा होता. होता म्हणजे मागच्या मे महिन्यात पाडला, आधी भाऊबंदकी, मग कोर्ट, मग तडजोड असं सगळं यथासांग पार पडलं आणि शेवटी ठेकेदाराला दिला. तुळया, खांब, दिंडी दरवाजा हे सगळं त्याने घनफुटावर हिशोबात धरून नेलं. मी पोचलो तेव्हा जे तो जळणात टाकणार होता तेवढंच उरलेलं, ते बारदानात भरून डिकीत घालून पुण्याला आणलं. बायकोने पोतं बघून एवढंच विचारलं की हे सरपण कुठल्या बंबासाठी, आपल्याकडे तर गीझर आहे.

तर पोत्यात काय काय आहे सांगतो. खिडक्यांचे चौकोनी लाकडी गज १४, साधारण सव्वा फुटाचे, इंचभर जाड. चौकटींचे कापून टाकलेले तुकडे, जाडजूड, पण सगळ्यात लांब ११ इंच. कडीपाटाच्या (लाकडी छताच्या) फळ्यांचे तुकडे, एका बाजूने धुराने काळे. भिंतीतल्या कपडे अडकवायच्या खुंट्या ६. आणि एक काळाकुट्ट जड ठोकळा, माजघराच्या दारामागे असायचा, मामा म्हणतो अस्सल शिसवी आहे, विकू नको. काही तुकड्यांवर हिरवा ऑइलपेंट आहे, ३-४ थर तरी असतील.

माझ्याकडे हत्यारं म्हणजे एक करवत, ड्रिल मशीन आणि एक पटाशी (लाकूड तासायची छिन्नी), जी आजवर रंगाचे डबे उघडायला वापरलीये (शिव्या घाला). एवढ्याएवढ्याशा तुकड्यांचं खरंच काही होतं का, की मी उगाच भावनेच्या भरात कचरा गोळा केलाय?

टवाळ_टिकोजी
होतं ना. शेकोटी होते, डिसेंबरात.
(दिवे घ्या)

सुताराचा_नातू
टिकोजी, तुम्ही गप बसा जरा.

भाचेसाहेब, आधी पोतं रिकामं करा. बारदानात लाकूड कोंडून ठेवलं की भुंगा एका तुकड्यातनं दुसऱ्यात जातो. सगळं गॅलरीत वर्तमानपत्रावर पसरा आणि एकेक तुकडा हातात घेऊन वर्तमानपत्रावरच आपटा. बारीक पिठासारखी भुकटी पडली तर तो तुकडा वेगळा काढा. सागवानाच्या गाभ्याला भुंगा सहसा लागत नाही, पण कडेचं जे फिकट पांढरट लाकूड असतं ते तो आवडीने खातो, तेवढंच कापून टाकलं की बऱ्याचदा काम भागतं.

मग खिळे. हे फार महत्त्वाचं, कारण मी स्वतः शेण खाल्लंय. आजोबांचा रंधा, पातं त्यांच्या हातचं घासलेलं, आणि मी असाच एका जुन्या फळकुटावर चालवला, आत तुटलेला खिळा होता, वरनं काही म्हणजे काही दिसत नव्हतं. कर्र असा आवाज आला आणि पात्याला जो दात पडला तो काढायला मला दोन संध्याकाळी दगडावर घासत बसावं लागलं. खरं तर दिसत होतं, मला वाचता येत नव्हतं. सागवानात लोखंड गंजलं की भोवती काळसर निळा डाग पसरतो, शाईचा थेंब टीपकागदावर पडावा तसा. तसा डाग दिसला की समजायचं इथे खिळा आहे किंवा होता. एक चांगला लोहचुंबक घ्या, जुन्या स्पीकरचा असला तरी चालेल, दोऱ्याला बांधून तुकड्यावरनं हळूहळू फिरवा, ओढला की खडूने खूण करा. खिळा निघत नसेल तर उलट्या बाजूने ठोकून बाहेर काढा, तेही नसेल होत तर तेवढा भाग कापून सोडून द्या, हळहळू नका.

हिरव्या रंगाला कोरडा पॉलिश पेपर अजिबात मारू नका. जुन्या ऑइलपेंटमधे शिसं असायचं, ती धूळ घरात उडवायची नाही, लहान मूल असेल तर तर नाहीच नाही. ओलं करून खरवडा, मास्क लावा, खरवड कागदात गुंडाळून टाका. हीटगनपण नको.

कपची
सुताराच्या नातवाशी सहमत. मी गेली सहा-सात वर्षं फक्त डबे आणि बारीकसारीक वस्तू करते, आणि माझं सगळं लाकूड असंच असतं, पाडलेल्या घरांचं, वखारीतल्या कोपऱ्यातलं, बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारातलं. मोठं लाकूड परवडतही नाही आणि घरात मावतही नाही.

दोन गोष्टी सांगते. पहिली, नेटवर एखाद्या टेबलाचा फोटो बघून मग त्यासाठी तुकडे शोधायला जाऊ नका, ते कधीच पुरे पडत नाहीत आणि मग आपण जोडत बसतो आणि सांध्यांचंच प्रदर्शन होतं. उलट करा. तुकडा टेबलावर ठेवा, चार दिवस येताजाता बघा, तो किती लांब आहे, कुठे भोक आहे, कुठे चीर आहे. चौकटीच्या तुकड्यात तुम्हाला जुनं चौकोनी भोक सापडेल, पूर्वीचे सुतार खिळ्याऐवजी कुसू (भोकात बसणारी लाकडाची जीभ) आणि लाकडी खुंटी मारायचे ना, ते भोक बुजवू नका. माझ्याकडच्या एका तुकड्यातल्या भोकात मी काचेची नळी बसवली, त्यात मनीप्लांट आहे आता. काही केलंच नाही म्हटलं तरी चालेल, फक्त खालची बाजू सपाट केली.

दुसरी, आणि ही सुरक्षिततेची आहे. फूटभरापेक्षा आखूड तुकडा कोपऱ्यावरच्या वर्कशॉपमधे नेऊन मशीनच्या रंध्यात घालू नका. मशीनचे रोलर तुकडा पुढे ओढतात, तो आखूड असला की मधेच सुटतो, तिरका होतो आणि एक तर फुटतो नाहीतर उलटा अंगावर येतो. मी ज्यांच्याकडे जायचे त्या मिस्त्रींनी मला हात जोडून सांगितलं होतं, ताई हे नाही घालणार मी. गोल करवतीच्या टेबलावर तर बोटं आणि पातं यांच्यात अंतरच उरत नाही. छोटं लाकूड हे हाताच्या हत्यारांचंच काम आहे. मग तुकडा धरायचा कसा? एक फळी घ्या, तिच्या एका टोकाला वरनं पट्टी आणि दुसऱ्या टोकाला खालनं पट्टी ठोका. खालची पट्टी ओट्याच्या कडेला अडते, वरच्या पट्टीला तुकडा अडतो, एका हाताने दाबा, दुसऱ्या हाताने कापा. संपला विषय, शंभर रुपयेपण लागत नाहीत.

अगदीच चिमुकला तुकडा असेल तर फळीवर डिंक, त्यावर वर्तमानपत्राचा कागद, परत डिंक, वर तुकडा. वाळला की दगडासारखा घट्ट बसतो, हवं तसं तासा, आणि झालं की पटाशी घालून हळूच उचला, कागद मधोमध फाटतो आणि तुकडा मोकळा.

आणि भाऊ, ती पटाशी आधी घासा हो. सागवानात मुळातच बारीक वाळूसारखा अंश असतो, धार लवकर जाते. बोथट पटाशीने हात जास्त कापतात.

वाईकरांचा_भाचा
बापरे, एवढं सगळं! दोघांनाही मनापासून धन्यवाद. लोहचुंबक फिरवला, एका ११ इंची तुकड्यात ७ खिळे निघाले, त्यातला एक चौकोनी, हाताने ठोकून केलेला वाटतोय. तो वेगळा ठेवलाय. ठोकळ्याला अजून हात लावला नाही, शिसवीवर शिकायचं म्हणजे भीती वाटते.

घाटाखालचा
तो ठोकळा शिसवी आहे कशावरून? नुसता काळा आणि जड म्हणून? माजघरात चुलीच्या धुरात पन्नास वर्षं काढली की मीपण काळा होईन.

एक काम करा. कुठेतरी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर करवतीने जरा कापा आणि आतला रंग बघा. शिसवी असेल तर आत जांभळट, चॉकलेटी, काळ्या रेघा आणि कापताना गोडसर वास येतो. सागवान असेल तर तो नेहमीचा चामड्यासारखा वास, हात किंचित तेलकट. आणि आतून पिवळसर बदामी निघालं तर भुसा टाकू नका, काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात टाका आणि तासाभराने पेला उन्हात धरा. पाण्याला निळसर झाक आली तर तो बिबळा. आमच्याकडे बिबळा म्हणतात, कुणी बिवळा म्हणतं, हिंदीत बिजासाल. घरबांधणीत सागवान-शिसवीच्या खालोखाल ह्यालाच मान होता, खांब, चौकटी, दारं, सगळं करायचे. ह्याच लाकडाचे पेले बाजारात विकतात ना, रात्री पाणी भरून ठेवायचं म्हणून, तेच हे.

आमच्याकडे जुन्या घरांत ऐन, किंजळ, फणस, बिबळा असं मिळेल ते वापरलेलं असायचं, सागवान म्हणजे पुढच्या दारापुरतं, पाव्हण्यांना दाखवायला.

वाईकरांचा_भाचा
काका!!! (काकाच असाल असं धरतो) आत्ता केलं. आत पिवळसर बदामी निघालं, भुसा पेल्यात टाकला, आधी पाणी चहासारखं दिसायला लागलं तर म्हटलं झालं, पोपट झाला. मग गॅलरीत उन्हात धरला आणि कडेने चक्क निळं, पेट्रोल सांडल्यावर दिसतं तसं नाही, आतून निळं. मुलीने शाळेत न्यायला मागितलाय पेला. फोटो चढवायचा प्रयत्न करतोय, चढत नाहीये.

आता मामाला कोण सांगणार.

टवाळ_टिकोजी
मामाला बनवलं ह्या बिबळ्याने. खिक्क.

बे_एरियातली_बाय
छान धागा, वाखु (वाचनखूण) साठवली आहे. अवांतर होईल पण विचारते, सासरच्या जुन्या पाटाची शिसवी फळी इकडे आणायची आहे, सामानात चालेल का?

घाटाखालचा
बाई, शिसवीची अख्खी जात २०१७ पासून साइट्स ह्या वन्य झाडं-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. घरगुती, छोट्या वजनाच्या तयार वस्तूला सवलत आहे, पण नुसती फळी म्हणजे तयार वस्तू नाही असं कोणी म्हणालं तर विमानतळावर वाद घालत बसाल. आधी दोन्हीकडच्या कस्टमला विचारून घ्या. आणि साल किंवा किडीची भोकं असलेलं लाकूड तर नेऊच नका.

वाईकरांचा_भाचा
तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय. रडगाणं आहे.

गजांपासून गरम भांड्याखाली ठेवायची जाळी करायची ठरवली, उभे तीन आडवे तीन, जिथे एकमेकांवर येतात तिथे अर्धी अर्धी खाच. पहिल्या दोन खाचा सैल झाल्या, तिसरी बरी, सहाव्यापासून जमायला लागल्या, हे सगळं ठीक. पण डिंक लावून रात्रभर शिकंजात (क्लॅम्पमधे) ठेवलं, सकाळी छान दिसली, दोन दिवसांनी कढई ठेवली आणि एक सांधा टक्कन सुटला. बघतो तर डिंक एका बाजूला काचेसारखा पापुद्रा धरून बसलेला, लाकडाला चिकटलेलाच नाही. डिंक वाईट होता का? लाकूड फार जुनं म्हणून?

सुताराचा_नातू
डिंकाला कशाला दोष देता. सागवान तेलकट असतं, त्यामुळेच तर ते पाण्यापावसात टिकतं. पृष्ठभाग कापून बरेच दिवस उघडा राहिला की ते तेल वर येतं आणि डिंकाला आत शिरू देत नाही. तुम्ही खाचा कधी कापल्या आणि डिंक कधी लावला?

वाईकरांचा_भाचा
कापल्या एका रविवारी, लावला पुढच्या रविवारी. :(

सुताराचा_नातू
तेच. खाच कापली की त्याच दिवशी चिकटवायचं, नाहीतर चिकटवायच्या आधी पटाशीने एक पापुद्रा काढून ताजं लाकूड उघडं करायचं आणि फडक्यावर थिनर किंवा ॲसिटोन घेऊन पुसायचं, वाळलं की लगेच डिंक. फडकं पिवळं होईल, तेच ते तेल. आणि कढईखाली ठेवायचं असेल तर साधा पांढरा डिंक उष्णतेने मऊ पडतो, तिथे एपॉक्सी लावा किंवा प्रत्येक सांध्यात बारीक भोक पाडून लाकडी खुंटी मारा. तुमच्या आजोळच्या सुताराने हेच केलं होतं, त्याच्याकडे कुठे डिंकाची बाटली होती.

कपची
खुंटी मारा, खुंटी. बाभळीच्या नारेची, म्हणजे आतल्या गाभ्याची करा, तोडली तरी तुटत नाही. माझ्या सगळ्या पटाश्यांचे दांडे बाभळीचेच आहेत.

आणि डबा करणार असाल तर तळ डिंकाने चिकटवू नका. चारही बाजूंना आतून खाच पाडून तळाची फळी त्यात नुसती सरकवायची, केसभर जागा सोडून. सागवान त्यामानाने शहाणं, ओल्याचं पूर्ण कोरडं होईपर्यंत आडव्यात जास्तीत जास्त ५-६ टक्के आकसतं, आणि तुमचं लाकूड तर वाळून जमाना झालाय. तरी पावसाळ्यात फुगतं आणि एप्रिलमधे आकसतं ते आकसतंच. माझ्या पहिल्या डब्याचा तळ मी प्रेमाने चिकटवला होता, मे महिन्यात भर दुपारी फटाका फुटल्यासारखा तडकला, मी स्वयंपाकघरात होते, वाटलं कुकरचं काही झालं.

शनिवारपेठी
सागवान शहाणं ह्यावरून आठवलं. आमच्या घराची मागची दारं १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात बुडाली होती, वडील सांगायचे की गाळ धुऊन, सावलीत उभी करून वाळवली आणि त्याच बिजागऱ्यांवर परत बसवली. घर पाडेपर्यंत तीच दारं होती आणि नीट लागायची. आत्ताच्या फ्लॅटचं बाथरूमचं दार दर श्रावणात अडकतं.

नवशिका_रंधा
फिनिशिंगचं पण सांगा ना कोणी. मी पोळपाटाला खोबरेल लावतो, बरोबर आहे का?

घाटाखालचा
खोबरेलाने काही बिघडत नाही, पण ते कधीच वाळत नाही, धुतलं की जातं. शेंगदाणा तेल तर नकोच, चिकट होतं आणि खवट वास धरतं. जवसाचं तेल वाळतं, पण त्याच्या कलाने, एकेक हात वाळायला कित्येक दिवस. खायचं जवस तेल घ्या, रंगाच्या दुकानातलं नको, त्यात लवकर वाळायला भलतीसलती रसायनं घातलेली असू शकतात. पातळ हात लावा, अर्ध्या तासाने सगळं पुसून घ्या, असे चार-पाच हात.

कपची
आणि हे कुणीच सांगत नाही म्हणून मी ओरडून सांगते: जवस तेलाचं फडकं चुरगाळून कचऱ्यात टाकू नका! वाळताना ते तापतं आणि आपोआप पेट घेऊ शकतं, खरंच. दोरीवर सुटं पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. माझ्याकडे गॅलरीत प्लॅस्टिकच्या डब्यातनं धूर निघाला होता, नशीब मी घरी होते.

स्वयंपाकघराबाहेरच्या वस्तूंना मला विचाराल तर चपडाच. लाखेचे चपटे कण स्पिरिटमधे रात्रभर भिजवायचे, लिटरला दीड-दोनशे ग्रॅम, गाळून घ्यायचं आणि कापसाची पुरचुंडी मऊ सुती कापडात बांधून तिने घासत जायचं. जुन्या सागवानावर ह्याने जो रंग चढतो तो पॉलियुरेथेनने नाही येत, त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत घातल्यासारखं दिसतं. फक्त त्यावर गरम चहाचा कप ठेवू नका, पांढरं कडं उमटतं.

नवशिका_रंधा
पॉलियुरेथेनवर अन्याय होतोय. माझं टेबल चार वर्षं दोन मुलांना पुरून उरलंय.

कपची
मुलं असतील तर माफ. :)

टवाळ_टिकोजी
एक कबुली द्यायची आहे, हसू नका. आमच्या बेडरूमच्या कपाटाची मूठ तुटली होती दोन वर्षांपासून, मी सुतळीने ओढायचो. परवा जुन्या बाजारात घड्याळ बघायला गेलो होतो, तिथे एका म्हाताऱ्याकडे पलंगाच्या पायाची टोकं पडलेली दिसली, वीस रुपयाला एक. दोन घेतली, करवतीने मुंडकं उडवलं, पॉलिश पेपर मारला, मागनं स्क्रू. कपाटाला आता संस्थानिकाच्या पलंगाची मूठ आहे. बायको म्हणतेय बाकीच्या पाच पण कर.

सुताराचा_नातू
आला का माणसात.

वाईकरांचा_भाचा
हा शेवटचा अपडेट, मग कंटाळा आणत नाही.

जाळी झाली. खुंट्या मारल्या, बाभूळ नाही मिळाली, बांबूच्या मारल्या, चालल्या. एका गजावर मधोमध बोट जाईल एवढी झीज आहे, मला आठवतं, आम्ही मुलं तोच गज धरून बाहेर वाकायचो, तो मुद्दाम कडेला बसवलाय, खाली टेकतो तिथे जाळी एक मिलिमीटर डुगडुगते. राहू दे.

सहा खुंट्या चौकटीच्या दोन तुकड्यांवर परत ठोकून दाराशी लावल्या, किल्ल्या, छत्री, मुलीची पाण्याची बाटली. कडीपाटाच्या फळकुटांची धुराची बाजू तासली नाही, तीच बाजू वर ठेवून डबा करतोय, तळ चिकटवलेला नाही, कपचीताई शपथ. पाच-सहा तुकडे मात्र खरोखर टाकले, पांढरं लाकूड पूर्ण पोखरलेलं होतं. टाकताना वाईट वाटलं, दुसऱ्या दिवशी विसरलोपण.

ठोकळ्याचे तीन काप केले. आतून असा सोनेरी निघालाय की काय सांगू, पण ओला हात लागला की पिवळा डाग सोडतो, म्हणून स्वयंपाकघरात नाही नेला, पुस्तकांना टेकू केलाय. तिसरा काप मामासाठी.

मामा रविवारी येऊन गेला. मी पेला उन्हात धरून त्याला सगळं सविस्तर समजावलं, ही बघ निळी झाक, म्हणजे हा बिबळा. त्याने पेला हातात घेतला, दोन्ही बाजूंनी बघितला, वास घेतला, आणि परत ठेवला.

"तुमच्या पुण्याच्या पाण्यातच औषध फार असतं," म्हणाला. "लाकूड शिसवीच आहे."